मेडन कॅसल नीट बघायचाय? मग आधी टेकाडं शोधा, गड नंतर

पहिल्यांदा मेडन कॅसलला गेलो तेव्हा आमची चांगलीच फजिती झाली. ऑगस्ट महिना, दुपारचे बारा, ऊन बरोबर डोक्यावर, आणि सोबत नेवाशाहून आलेले आई-बाबा. बाबांनी अख्खं आयुष्य शेती केलीय पण तरुणपणी सह्याद्रीतले किल्लेही बरेच पालथे घातलेत, त्यामुळं मी गाडीत सगळ्या रस्ताभर "बाबा, युरोपातल्या मोठ्यात मोठ्या लोहयुगीन किल्ल्यांपैकी एक आहे हा" अशी हवा करून ठेवलेली. वर पोचल्यावर बाबांनी कमरेवर हात ठेवून चहूकडं बघितलं आणि म्हणाले, "अगं बाई, किल्ला कुठंय? हे तर पाझर तलावाचे बांध दिसतायत."

चूक बाबांची नव्हती, माझी होती. वेळ चुकीची निवडली होती, बघायचा क्रम उलटा होता आणि आम्ही सगळे दगडी कमानीचे दरवाजे-बुरूज शोधत होतो, जे तिथं कधी नव्हतेच. त्यानंतर अजून चार वेळा जाऊन आले, एकदा तर डिसेंबरात एकटीच, आणि आता वाटतं की हा गड कसा बघायचा ते कुणीतरी मराठीत लिहून ठेवायला पाहिजे, कारण इंग्लंडात राहणारे आपले बरेच लोक स्टोनहेंजला जाऊन फोटो काढून येतात आणि तिथून दीड-दोन तासावर असलेलं हे प्रकरण राहूनच जातं.

आधी कालगणना, नाहीतर सगळा घोळ होतो

मेडन कॅसल म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर गावापासून साधारण तीन किलोमीटरवर असलेली एक लांबोडकी टेकडी. वरचं सपाट क्षेत्र १९ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबात ४७ एकर. भोवती मातीचे एकामागोमाग एक तट आणि मधे खंदक. आजूबाजूच्या शेतांत आणि दक्षिणेकडच्या डोंगरधारेवर गोल गोल मातीची टेकाडं, ज्यांना इंग्लिश लोक बॅरो म्हणतात. ती थडगी आहेत.

आता आपल्या डोक्यात काय येतं, की रायगडावर जशी महाराजांची समाधी तशी ही टेकाडं म्हणजे या गडाच्या राजांची थडगी असणार. नाही. इथंच सगळे फसतात, मीही फसले होते. गोल टेकाडं बहुतेक ब्राँझयुगातली, इ.स.पू. २२०० ते १५०० च्या आसपासची. गडाचा पहिला तट उभा राहिला इ.स.पू. ६०० च्या सुमाराला. म्हणजे गड बांधायला माणसं आली तेव्हा ही थडगी हजारएक वर्षं जुनी होऊन बसलेली, कुणाची आहेत हे सांगणारं कुणी उरलंच नसणार. आणि गडाच्या शेवटच्या काळातले जे लोक होते, ज्यांना ड्युरोट्रायजेस म्हणतात, त्यांनी आपल्या मयतांवर टेकाडं रचलीच नाहीत, ते माणसाला पाय पोटाशी घेऊन कुशीवर साध्या खड्ड्यात ठेवायचे, सोबत मडकं आणि मटणाचा तुकडा.

याच्याही मागं जायचं तर टेकडीच्या पूर्वेकडच्या भागात इ.स.पू. ३६०० च्या आसपास नवाश्मयुगीन लोकांनी तुटक तुटक खंदकांचं एक वर्तुळ खणलं होतं, आणि ते वापरातून गेल्यावर त्याच्यावरूनच एक लांबच लांब मातीचा वरंबा घातला, ५४६ मीटर लांब. हा पण बॅरोच, याला बँक बॅरो म्हणतात. म्हणजे क्रम असा: वरंबा, मग हजार-दीड हजार वर्षांनी गोल टेकाडं, मग अजून हजारेक वर्षांनी गड, मग रोमन, मग रोमन काळाच्या शेवटाला एक छोटं देऊळ. एवढं पाठ करून जा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

(विदर्भातल्या वाचकांसाठी: नागपूरजवळच्या जुनापाणीची, माहूरझरीची शिळावर्तुळं तुम्ही बघितली असतील. ती लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे ती मंडळी आणि मेडन कॅसलचे तट घालणारी मंडळी साधारण एका काळातली. तिकडं माणसं थडग्यांभोवती दगड मांडत होती तेव्हा इकडं हे लोक जिवंत माणसांभोवती खंदक खणत होते.)

घरी बसून करायची तयारी

ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल १५ नकाशा घ्या, कागदी नाहीतर ॲपमधला. त्यावर जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत जिथं जिथं ट्युम्युलस किंवा ट्युम्युलाय लिहिलंय ती सगळी टेकाडं. पेन्सिल घेऊन प्रत्येकाभोवती गोल करत जा, दहा मिनिटांत तुम्हाला दिसायला लागेल की गडाच्या दक्षिणेला डोंगरधारेवर हे गोल माळेतल्या मण्यांसारखे ओळीनं बसलेत. त्या धारेला साउथ डॉर्सेट रिजवे म्हणतात.

मग लिडार बघा. विमानातून लेझर मारून जमिनीचा चढउतार मोजलेला असतो, झाडं-गवत काढून टाकल्यासारखं उघडं रूप दिसतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या साइटवर एका बाजूला जुना नकाशा आणि दुसऱ्या बाजूला लिडार असं ठेवून बघता येतं, फुकट. तिथं मेडन कॅसल उघडला की पहिल्यांदा माझ्या तोंडून "अय्यो" निघालं होतं, कारण जे प्रत्यक्षात पायाखाली असून दिसलं नव्हतं ते सगळं तिथं स्वच्छ उमटलेलं, तो लांब वरंबा, पहिल्या छोट्या गडाची बुजलेली रेघ, सगळं. त्याचा स्क्रीनशॉट फोनमधे घेऊन ठेवा, वर गेल्यावर नेटचा भरवसा धरू नका.

कधी जायचं

दुपारी नाही. परत सांगते, दुपारी नाही. मातीचे उंचवटे दिसतात ते सावलीमुळं, आणि सावली पडायला सूर्य खाली पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सात नंतर, आणि सगळ्यात भारी म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार, अडीच-तीनच्या सुमाराला. पण डिसेंबरात चार वाजता सूर्य बुडतो हे लक्षात ठेवा, मी एकटी गेले होते तेव्हा देवळाच्या पायापाशी रेंगाळत बसले आणि परत खाली येईपर्यंत मिट्ट काळोख, फोनच्या टॉर्चवर मेंढ्यांचे डोळे चमकतायत, चॉकचा चिखल पायाखाली साबणासारखा, एकदा जे घसरले ते थेट खंदकात. लागलं नाही फारसं पण जीन्सची वाट लागली आणि त्यापेक्षा जास्त अब्रूची, कारण वरच्या तटावरून एक आजोबा कुत्रं फिरवत होते त्यांनी सगळं बघितलं.

म्हणून बूट ग्रिपवाले. विंडचीटर बारा महिने, वरती वारा कायम असतो. पाण्याची बाटली खालूनच भरून न्या. बाबांनी विचारलंच होतं, "टाकं कुठंय गं?" तर टाकं नाही. ही सगळी टेकडी चॉकची, खडूच्या दगडाची, पाणी धरूनच ठेवत नाही, सगळं झिरपून खाली जातं. आजूबाजूच्या गावांच्या नावात विंटरबोर्न येतं ते त्यामुळंच, म्हणजे हिवाळ्यात भूजल वर आलं की वाहणारा ओढा, उन्हाळ्यात कोरडा ठक्क. आणि गंमत म्हणजे याच टेकडीजवळच्या मार्टिन्सटाउन गावात १८ जुलै १९५५ ला एका दिवसात २७९ मिलिमीटर पाऊस पडला होता, ब्रिटनचा एका दिवसाचा रेकॉर्ड बरीच वर्षं त्याच गावाच्या नावावर होता. २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर अनुभवलेल्या मुंबईकरांनी हसू नये, इथल्या लोकांना तेवढाही प्रलयच.

टॉयलेट वर नाही, खाली पार्किंगमधेही नाही. आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर हे आधीच डोक्यात धरा, डॉर्चेस्टरमधेच उरकून निघा.

पोचायचं कसं

गाडी असेल तर डॉर्चेस्टरहून मेडन कॅसल रोड धरा, तो बायपास ओलांडून थेट पायथ्याच्या पार्किंगला संपतो. पार्किंग फुकट, गडाला तिकीट नाही, उजेड असेपर्यंत कधीही जा. लंडनहून ट्रेननं यायचं तर वॉटरलूहून डॉर्चेस्टर साउथ, अडीच तासाच्या आसपास लागतात. स्टेशनहून चालत पाऊण तास.

चालत जाणार असाल तर एक बोनस आहे, स्टेशनबाहेर पडल्यावर अगदी जवळच मॉम्बरी रिंग्ज लागतं. नवाश्मयुगातलं मातीचं गोल कडं, आणि रोमन लोकांनी आल्यावर त्याचंच ॲम्फीथिएटर करून टाकलं. पाच मिनिटं आत उभं राहा. जुनं रचलेलं मोडायचं नाही, त्याच्यावरच आपलं काहीतरी बसवायचं, ही या भागाची सवयच आहे, वर गडावर हेच परत परत दिसणार.

पायथ्याशी थांबा, लगेच चढू नका

पार्किंगमधून वाट पश्चिम दरवाजाकडं चढते. सगळे तरातरा वर निघतात. तुम्ही पायथ्याशी उभं राहून आधी तट मोजा. बाहेरचा, मधला, आतला. काही तट आजही सहा मीटर उंच आहेत, आणि हे अडीच हजार वर्षं पाऊस खाऊन, झिजून, खंदक अर्धेअधिक बुजून. आता डोळ्यांसमोरचं हिरवं गवत मनातल्या मनात काढून टाका. ताजा खणलेला चॉक पांढराशुभ्र असतो, त्यामुळं नवीन होता तेव्हा हा गड हिरव्या माळावर चुन्यानं सारवल्यासारखा पांढरा धक्क दिसत असणार, कोसभरावरून. वरती लाकडी कठडा. म्हणजे लपायचा प्रश्नच नव्हता, दिसावा म्हणूनच बांधलेला.

मग पश्चिम दरवाजा. इथं आपल्या लोकांना सगळ्यात जास्त मजा येते असा माझा अनुभव आहे, कारण गोमुखी दरवाजा आपल्याला माहितीय. सरळ आत घुसता येऊ नये, वळणं घेत यावं लागावं आणि प्रत्येक वळणावर उजव्या-डाव्या बाजूनं वरून मारा बसावा, हीच युक्ती इथं नुसत्या मातीत केलीय. वाट डावीकडं, मग उजवीकडं, मधेच एक तट आडवा, मग फट. एक काम करा, सोबत कुणी असेल तर एकाला आतल्या तटावर पाठवा आणि तुम्ही बाहेरून चालत या, वरच्यानं फक्त "दिसतोयस" "दिसतोयस" असं ओरडत राहायचं. एक क्षणही तो गप्प बसत नाही. माझ्या भाच्यांनी हा खेळ तासभर खेळला.

तट चढताना मळलेल्या पायवाटेनंच चढा, उघड्या पडलेल्या उतारावरून नाही, पावलांनी माती सुटते आणि एकदा गवत गेलं की पाऊस उरलेलं काम करतो.

आत: जे दिसत नाही ते बघायचं

आत गेल्यावर मोठं सपाट कुरण, मेंढ्या, वारा. बस्स. बहुतेक लोक इथं निराश होतात. तुम्ही फोनमधला लिडारचा फोटो काढा.

पश्चिमेकडून पूर्वेकडं हळूहळू चालायला लागा. साधारण मधे आलात की उत्तर-दक्षिण जाणारा एक हलका खळगा आणि त्याला लागून उंचवटा पायाला जाणवेल, डोळ्याला नाही, पायाला. हा पहिल्या गडाचा पश्चिमेकडचा तट. इ.स.पू. ६०० चा गड फक्त पूर्वेकडच्या भागात होता, ६.४ हेक्टरचा, एकच तट, एकच खंदक. मग इ.स.पू. ४५० च्या सुमाराला त्यांनी गड पश्चिमेकडं तिपटीनं वाढवला आणि हा मधला तट निरुपयोगी झाला. त्याच सुमारास डॉर्सेटमधले आजूबाजूचे बरेच छोटे गड ओस पडले, म्हणजे सगळा परिसर या एका गडाकडं ओढला गेला.

आता इथंच तो लांब वरंबा शोधा, तो या पुसट तटाला आडवा, पूर्व-पश्चिम जातो. खरं सांगते, उन्हाळ्यात दुपारी नाहीच दिसत. हिवाळ्यात तिरप्या उन्हात गवतावर लांबच लांब एक मंद फुगवटा दिसतो, झोपलेल्या माणसावर गोधडी टाकल्यावर दिसावा तसा. ५४६ मीटर आहे, म्हणजे एका टोकाला उभं राहून दुसरं टोक कुठं संपतं ते कळत नाही, म्हणून एका माणसाला पुढं चालत पाठवा आणि तो कधी किंचित वर कधी किंचित खाली होतो ते बघा.

या वरंब्याच्या पूर्व टोकाशी १९३० च्या दशकात एका माणसाचा सांगाडा मिळाला होता, हातपाय तोडलेले, कवटी फोडलेली. तेव्हा सगळे धरून चालले की नवाश्मयुगातला बळी, मेंदू काढून खाल्ला असणार वगैरे. पुढं रेडिओकार्बन तारीख काढली तर निघाला सॅक्सन काळातला, इ.स. सातव्या शतकातला. म्हणजे वरंबा बांधून चार हजार वर्षं झाल्यावर कुणीतरी एका माणसाला मारून आणून तिथंच पुरलं. का तिथंच, कुणास ठाऊक, पण जुन्या टेकाडांची भीती किंवा दरारा तेव्हाही असावा असं वाटतं.

सगळ्या आवारात खाली चॉकमधे खोल खड्डे आहेत, बुजलेले. हे धान्याचे. मी बाबांना "स्टोरेज पिट" म्हणून समजावत होते तर ते म्हणाले, "पेव म्हण की." अगदी बरोबर. तेच पेव, फक्त मुरमाच्या जागी चॉक. तोंड मातीनं लिंपून बंद केलं की भिंतीला लागलेलं थोडं धान्य अंकुरतं, आतला प्राणवायू खाऊन टाकतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि बाकीचं धान्य महिनोन् महिने जसंच्या तसं राहतं. हॅम्पशायरमधल्या बट्सर शेतावर पीटर रेनॉल्ड्सनी असे खड्डे खणून, धान्य भरून वर्षानुवर्षं प्रयोग केले तेव्हा इथल्या तज्ज्ञांची खात्री पटली. बाबांना यात सिद्ध करण्यासारखं काय आहे तेच कळेना, त्यांच्या लहानपणी गावात पेव होतं आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, गुदमरून माणूस मरतो, हे पोरासोरांना पण माहीत असायचं. गडावरची घरंही कुडाचीच होती, कूड, शेणमाती, वर शाकारणी, फक्त आकारानं गोल.

ईशान्येकडं दगडी पाया दिसेल, चौकोनात चौकोन. गडावर डोळ्यांना दिसणारं दगडी बांधकाम एवढंच आणि ते गडवाल्यांचं नाहीच, इ.स. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं रोमन धाटणीचं देऊळ आहे. गड ओस पडून तीनशे वर्षं झाली होती. जवळ बसायला बरी जागा आहे, डबा इथंच खा, फक्त पायावर चढू नका.

पूर्व दरवाजा, आणि गोफणगुंडे

इथं वेळ द्या. मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांची बायको टेसा यांनी १९३४ ते १९३७ इथं उत्खनन केलं (टेसा १९३६ मधेच वारल्या, त्यांचं श्रेय लोक विसरतात). या दरवाजाजवळ एका खड्ड्यात २२ हजारांहून जास्त गोटे एकत्र साठवलेले निघाले. गोल, गुळगुळीत, मुठीत मावतील असे. गोफणीचे दगड! हे ऐकल्यावर बाबांनी पहिल्यांदा खरा रस घेतला. त्यांनी माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकललीत, त्यांना गोफणगुंडा कसा असावा ते माहीत, ते म्हणाले सगळे एका वजनाचे पाहिजेत, नाहीतर दर खेपेला हाताचा अंदाज चुकतो.

आणि गंमत बघा, हे गोटे आलेत इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या चेसिल बीचवरून. तो २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध आहे आणि समुद्रानं ते गोटे आकारानुसार लावून ठेवलेत, पश्चिम टोकाला वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडकडं जाता जाता मूठभर होत जातात. म्हणजे पाहिजे त्या वजनाचा गोटा पाहिजे तर किनाऱ्यावरची बरोबर जागा ठरवायची आणि पोती भरायची. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी चेसिलला जाऊन गोटा हातात घेऊन बघा. घरी आणू नका मात्र, तिथून गोटे उचलायला बंदी आहे.

याच दरवाजापाशी ५२ माणसांचं दफन मिळालं आणि त्यातल्या काहींच्या हाडांवर उघड उघड वार. व्हीलरनी यावर अख्खी लढाई उभी केली: इ.स. ४३ चं रोमन आक्रमण, पुढं सम्राट झालेला व्हेस्पेशियन तेव्हा दुसऱ्या लीजनचा, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या तुकडीचा, सेनापती, गोफणी विरुद्ध यंत्रानं फेकलेले बाण, मग कत्तल. लिहायचे असे की वाचताना धूळ उडते, शाळेच्या पुस्तकांत तेच गेलं. पण नंतर नायल शार्पल्सनी १९८५-८६ मधे परत खणलं तेव्हापासूनच शंका होत्या, आणि २०२५ मधे बोर्नमथ विद्यापीठाच्या लोकांनी त्या हाडांच्या नव्या तारखा प्रसिद्ध केल्या, तर ती माणसं एका दिवशी मेलेलीच नाहीत. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटापासून इ.स. पहिल्या शतकाच्या सुरवातीपर्यंत, काही पिढ्यांत, टप्प्याटप्प्यानं. म्हणजे बरीचशी मारामारी रोमन यायच्या आधीची, बहुधा आपापसातली, भाऊबंदकी. मला ही गोष्ट लढाईपेक्षा जास्त खरी वाटते, पण मी नगर जिल्ह्यातली आहे त्यामुळं असेल.

व्हीलर म्हणजे तेच, जे १९४४ ला आपल्या पुरातत्त्व खात्याचे डायरेक्टर जनरल होऊन आले. आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया लंडनला पीएचडी करत होते तेव्हा ते इथं, याच टेकडीवर, व्हीलरच्या हाताखाली काम शिकले. पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात आले आणि १९५४ मधे प्रवरेकाठी नेवाशाला लाडमोडचं टेकाड खणायला घेतलं. बाबा लहान असताना ते खणकाम बघायला जायचे, चौकोनी खड्डे आणि मधे सोडलेल्या मातीच्या भिंती त्यांना अजून आठवतात. चौकोनांची ती पद्धत व्हीलरचीच. हे सगळं मला त्या ऑगस्टातल्या दुपारी माहीत नव्हतं, नाहीतर बाबांना तिथंच सांगितलं असतं, फोनवर सांगावं लागलं.

आता टेकाडं: तटावरून क्षितिज वाचायचं

पूर्व दरवाजातून दक्षिणेकडच्या तटावर चढा आणि तटावरूनच पश्चिमेकडं परत चालत या. वरच्या तटावरून दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर रिजवेची धार दिसते. आता तिच्या वरच्या कडेवर नजर आडवी फिरवा, हळू. छोटे छोटे टेंगूळ दिसतील, एक, मग दोन, मग एकदम चार-पाच. तीच थडगी. दुर्बीण असेल तर न्या. ती अगदी माथ्यावर नसतात, बऱ्याचदा किंचित अलीकडं अशी बसवलेली असतात की खालच्या दरीतून बघणाऱ्याला ती आभाळावर उठून दिसावीत. बांधणाऱ्यांनी बघणारा कुठं उभा असेल ते आधी ठरवलेलं.

पश्चिम टोकाला पोचलात की पश्चिम-वायव्येला शेतात एकुलतं एक दांडगं टेकाड दिसेल, क्लँडन बॅरो. १८८२ मधे एडवर्ड कनिंग्टननं ते खणलं तेव्हा त्यातून सोन्याचा शंकरपाळ्याच्या आकाराचा पत्रा, अंबरचा (दगड झालेल्या राळेचा) प्याला, ब्राँझची कट्यार आणि काळ्याभोर दगडाचं, सोन्याच्या टिकल्या बसवलेलं गदेचं डोकं निघालं. स्टोनहेंजजवळच्या बुश बॅरोतल्या सोन्याच्या पत्र्याशी त्याची घडण मिळतीजुळती आहे. टेकाड शेतात आहे, पीक तुडवत जाऊ नका, इथून बघून समाधान माना.

रिजवेवर जाऊन जवळून बघायचं असेल तर

गाडीनं ब्लॅक डाउनला जा, हार्डी मॉन्युमेंटच्या पार्किंगला. (हा हार्डी म्हणजे ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सनच्या जहाजाचा कप्तान, डॉर्चेस्टरचा लेखक हार्डी नव्हे, मी दोन वर्षं सगळ्यांना चुकीचं सांगत होते.) तिथून ओकच्या फळाची खूण असलेल्या वाटेनं पूर्वेकडं चालत ब्रॉन्कम हिलवर या. वाटेच्या दोन्ही बाजूला टेकाडंच टेकाडं.

ओळखायची कशी? वाटी पालथी घातल्यासारखं दिसलं तर तो बोल बॅरो, सगळ्यात जास्त हेच. टेकाड आणि खंदक यांच्यामधे सपाट पट्टी सोडलेली असेल, म्हणजे परातीत पालथी वाटी, तर बेल बॅरो. मोठं गोल कडं आणि मधे जेमतेम उंचवटा असेल तर डिस्क. आणि टेकाडाऐवजी खळगाच असेल, भोवती बारीक कड, पिठात पाणी घालायला आळं करतो तसं, तर पाँड बॅरो. इथंच गोची आहे, कारण ब्रॉन्कम हिलवर जमीन आपोआप खचून झालेले खळगेही ढिगानं आहेत, आणि नवख्याला ते पाँड बॅरोच वाटतात. माझी युक्ती: नैसर्गिक खळगा नरसाळ्यासारखा उतरता आणि वेडावाकडा असतो, पाँड बॅरो उथळ, तळाशी सपाट आणि कंपासनं काढल्यासारखा गोल. शंका असेल तर नकाशा काढा, गॉथिक अक्षरं नसतील तर सहसा खड्डाच.

टेकाडाच्या डोक्यावर खळगा दिसला तर तो नंतरचा, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या हौशी लोकांनी वरून भोक पाडून आतलं काढल्याची खूण. सशांनी उकरलेल्या बिळापाशी थांबून बघा, पांढऱ्या चॉकच्या बारीक खड्यांबरोबर कधी गारगोटीची पातळ छिलकी बाहेर आलेली असते, कडा काचेसारखी. बघा, फोटो काढा, तिथंच ठेवा. ही संरक्षित स्मारकं आहेत, काही उचलणं, उकरणं नाही, आणि मेटल डिटेक्टर परवानगीशिवाय नेला तर सरळ कायद्याचा भंग.

अजून पूर्वेला बिन्कमच्या टेकाडांबद्दल गावात जुनी समजूत आहे की भर दुपारी बारा वाजता टेकाडाला कान लावला की आतून संगीत ऐकू येतं. आम्ही लावला. आईला ऐकू आलं म्हणे. आम्हाला फक्त वारा.

शेवटी म्युझियम, सुरवातीला नाही

डॉर्चेस्टरच्या हाय वेस्ट स्ट्रीटवर डॉर्सेट म्युझियम आहे, तिकीट आहे, वेळा आधी बघून जा. बरेच जण आधी तिथं जातात, मी म्हणेन गडानंतर जा, कारण पूर्व दरवाजाची जागा पायाखालून गेलेली असली की तिथला सांगाडा वेगळाच दिसतो. दोन माणसं शेजारी शेजारी ठेवलीत, मिळाली तशी. लोखंडी टोक घुसलेला तो प्रसिद्ध मणका पण इथंच आहे. बाणाचं टोक म्हणून जगभर छापलं गेलं, आता भाल्याचं असावं असंही म्हणणारे आहेत. काचेला नाक लावून बघा, टोक घुसलंय पुढून की मागून, आणि मग आजूबाजूच्या पाट्या वाचताना २०२५ च्या तारखा डोक्यात ठेवा.

क्लँडनचं गदेचं डोकं शोधायला विसरू नका. ते अपेक्षेपेक्षा लहान आहे, लिंबापेक्षा थोडं मोठं, पण त्यावरच्या सोन्याच्या टिकल्या इतक्या सफाईनं बसवल्यात की बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते, आणि मग म्हणाले, "किल्ला नाही दाखवलास, पण हे बरं केलंस."

आणि हो, टॉयलेट इथं आहे.